लंडन पाहावे एकट्याने, आणि सावकाश

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) : दसरा-दिवाळी उलटली, की गेवराई तालुक्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेळी-करडे आणि लेकरे घेऊन ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि पाच-सहा महिन्यांचा मुक्काम, असा हा प्रवास. दुसरा प्रवास पंढरीचा किंवा पैठणच्या नाथषष्ठीचा, तिसरा लग्नकार्याचा. यांतला एकही प्रवास माणूस एकट्याने करीत नाही आणि एकही केवळ पाहण्यासाठी, उगाच, हौसेखातर होत नाही.

अशा गावात बसून 'आठ-दहा दिवस एकट्याने लंडनला जाऊन यावे' असे कोणी म्हणाले, तर पारावरची मंडळी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, हे सांगावयास नको. तरीही हा विषय आता पूर्वीइतका परका उरलेला नाही. बीड जिल्ह्यातील मुले-मुली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत स्थिरावली आहेत, काही उच्च शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये गेली आहेत. गाठीशी थोडा पैसा असलेले निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी परदेशी सहलींच्या जाहिराती वाचू लागले आहेत. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. परदेश म्हणजे सहल कंपनी, सहल कंपनी म्हणजे चाळीस माणसांची बस, आणि बस म्हणजे सात दिवसांत पाच देश, हे समीकरण मनात पक्के बसले आहे.

या सहलींची सोय कोणी नाकारीत नाही. भाषेची भीती असलेल्यांना आणि वृद्धांना तो मोठा आधार असतो. परंतु अशा सहलीत लंडनच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात. राजवाड्यासमोर छायाचित्र, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर छायाचित्र, पुलावर छायाचित्र, सायंकाळी भारतीय जेवण आणि पहाटे पुन्हा बस. ज्या शहराचा मराठी माणसाच्या इतिहासाशी अडीचशे वर्षांचा संबंध आहे, ते असे खिडकीतून पाहून परतणे ही खर्चाच्या मानाने फार तोट्याची गोष्ट आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

आधी कागदपत्रे

प्रवासाची सुरुवात पासपोर्टपासून होते. २०१७ पासून देशातील अनेक प्रमुख टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली, त्यामुळे ग्रामीण अर्जदाराचे मोठ्या शहरातील हेलपाटे पुष्कळ कमी झाले. चकलांब्यात स्वतंत्र पोलीस ठाणे असल्याने गावातील अर्जदाराची पोलीस पडताळणी येथेच होते.

व्हिसाच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. युरोपातील बहुसंख्य देशांना मिळून एकच 'शेंगेन' व्हिसा चालतो. तो लंडनला चालत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून २०२० मध्ये बाहेर पडला हे अनेकांना ठाऊक असते, पण शेंगेन गटात तो आधीही नव्हता. त्यामुळे लंडनसाठी स्वतंत्र ब्रिटिश व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज संगणकावरून भरायचा, शुल्क भरायचे आणि नंतर व्हिसा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे व छायाचित्र द्यायचे. मुंबई व पुणे येथे अशी केंद्रे आहेत. साधा अभ्यागत व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा देतो, मात्र त्यावर नोकरी करता येत नाही.

तेथे कोणी नातेवाईक असलाच पाहिजे, त्याने बोलावलेच पाहिजे, असे गावोगावचे एजंट सांगतात. तसा नियम नाही. अर्जदाराला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात : आपण खरोखर पाहण्यासाठी चाललो आहोत, खर्च पेलण्याइतका पैसा आपल्याजवळ आहे, आणि मुदतीत परत येण्यास पुरेसे कारण आपल्या मागे आहे. शेतकऱ्यासाठी हे कारण म्हणजे त्याची जमीन. येथेच अनेकांची चूक होते. सातबारा उतारा मराठीत असतो, आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. नुसता सातबारा जोडला तर तो तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने कोरा कागदच. तसेच, अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरली गेली असेल तर ती कोठून आली, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. कापूस किंवा तूर विकून आलेली रक्कम असेल तर आडतीची पावती जपून ठेवावी.

व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या पैशांचे विमान तिकीट काढू नये. तिकीट दाखविल्याशिवाय व्हिसा मिळत नाही असे सांगून आगाऊ रक्कम उकळणारे महाभाग कमी नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर ना ते पैसे परत येतात, ना तो एजंट फोन उचलतो.

जमिनीखालची गाडी

बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगरहून येणाऱ्या या मार्गाची वाट पाहण्यात जिल्ह्याच्या काही पिढ्या गेल्या. लंडनमध्ये जमिनीखालून धावणारी पहिली रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी धावून तेव्हा दहा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन असा तो मार्ग होता आणि गाड्या चक्क कोळशाच्या वाफेवर भुयारातून धावत. आज या जाळ्याला तेथील लोक 'ट्यूब' म्हणतात. एकट्या प्रवाशाने हिला भिण्याचे काहीच कारण नाही. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंग व नाव आहे, नकाशा जागोजागी टांगलेला आहे. ज्याला मुंबईत दादरला गाडी बदलता येते, त्याला लंडन अवघड नाही. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहावे, डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी सोडावी, एवढा एक शिष्टाचार मात्र पाळावा.

तिकिटासाठी 'ऑयस्टर' नावाचे कार्ड घेता येते किंवा बँकेचे स्पर्शविरहित कार्ड चालते. ट्यूबमध्ये जाताना व बाहेर पडताना, दोन्ही वेळा एकच कार्ड यंत्राला लावायचे. दिवसभरात ठराविक मर्यादेपलीकडे भाडे आकारले जात नाही, मग कितीही फिरा. तांबड्या दुमजली बसमध्ये चढताना एकदाच कार्ड लावायचे असते. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा कंडक्टरची वाट पाहत सुटे पैसे हातात धरून बसू नये. बसचे भाडे ट्यूबपेक्षा कमी असते आणि पहिल्या भाड्यानंतर तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सावकाश प्रवास करणाऱ्याने तर बसच निवडावी. २४ क्रमांकाची बस उत्तरेकडील हॅम्पस्टेड हीथपासून निघते आणि कॅम्डेन टाउन, टॉटनहॅम कोर्ट रोड, ट्रॅफल्गार चौक, संसद भवन अशी शहराच्या पोटातून दक्षिणेस पिमलिकोपर्यंत जाते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली, तर सहल कंपनीच्या दर्शन-बसला जे पैसे मोजावे लागतात, त्याच्या एका लहानशा अंशात तेच शहर दिसते.

हणमंतरावांपासून टिळकांपर्यंत

आता मुख्य मुद्दा. एकट्याने आठ दिवस राहून तेथे पाहायचे काय? राजवाडा, संसद, टॉवर ब्रिज ही स्थळे कोणीही सांगेल. मराठी वाचकासाठी त्या शहरात आणखी एक शहर आहे, आणि त्याची माहिती सहलीच्या पत्रकात येत नाही.

रघुनाथराव पेशव्यांनी आपले वकील म्हणून पाठविलेले हणमंतराव १७८१ मध्ये इंग्लंडला पोहोचले. मराठी मुलखातून तिकडे गेलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. सोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ होते. हणमंतरावांपुढे सर्वांत मोठा प्रश्न राजकारणाचा नव्हता, सोवळ्याचा होता. तो सोडविला एडमंड बर्क या प्रसिद्ध संसदपटूने. लंडनबाहेर बीकन्सफील्ड येथील आपल्या घरातील वनस्पतींसाठी बांधलेले काचघर त्याने या पाहुण्यांच्या स्वाधीन केले आणि तेथे त्यांनी आपल्या पद्धतीने स्वयंपाक केला. परदेशात खायचे काय, ही आजच्या प्रवाशाची चिंता अशी जवळजवळ अडीचशे वर्षांची जुनी आहे.

याहून विलक्षण कथा रंगो बापूजी गुप्ते यांची. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, तेथेच राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. तेथे अर्ज द्यायचे, भागधारकांच्या सभांत आपला प्रश्न उपस्थित करवून घ्यायचा, पत्रके छापायची आणि पुन्हा उत्तराची वाट पाहायची, असा त्यांचा क्रम. ते लंडनमध्ये असतानाच १८४७ मध्ये प्रतापसिंहांचे काशीस निधन झाले आणि पुढील वर्षी साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्यांच्यासाठी वकिली करायची ते धनीही राहिले नाहीत आणि राज्यही राहिले नाही, तरी हा माणूस आणखी पाच वर्षे तेथे झगडत होता. परतल्यावर १८५७ च्या उठावात त्यांचे नाव पुढे आले, ते भूमिगत झाले आणि त्यांचा शेवट कोठे व कसा झाला हे कोणास कळले नाही.

कंपनीची ती इमारत १८६० च्या दशकात पाडली गेली. त्या जागी आज लॉइड्स या विमा बाजाराची पोलादी इमारत उभी आहे. तिचे नळ, जिने आणि उद्वाहने सारे बाहेरच्या अंगाला लावलेले असल्याने वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ती मुद्दाम पाहायला येतात. शेजारीच लेडनहॉल बाजाराचे छत आहे. तेथे कॉफीचा पेला घेऊन अर्धा तास उभे राहावे. कामाच्या दिवशी दुपारी सुटाबुटातील विमा कर्मचाऱ्यांची गर्दी असते.

लोकमान्य टिळकांचे लंडन त्यामानाने शोधायला सोपे. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या ग्रंथात केलेल्या आरोपांविरुद्ध टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यासाठी ते ऑक्टोबर १९१८ मध्ये लंडनला पोहोचले. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरोधात गेला, खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. तरीही पुढचे अनेक महिने तेथे राहून त्यांनी स्वराज्याच्या मागणीसाठी मजूर पक्षाच्या नेत्यांच्या गाठीभेटी घेतल्या, व्याख्याने दिली. या काळात त्यांचे वास्तव्य मेडा व्हेल भागातील १०, हाउली प्लेस या घरात होते. घरावर टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. वॉरिक अव्हेन्यू या ट्यूब स्थानकापासून चालत अगदी थोड्या अंतरावर हे ठिकाण आहे, आणि तेथून जवळच कालव्यांचा संगम आहे. त्याला 'लिटल व्हेनिस' म्हणतात. रंगीत, लांबट नावा पाण्यात नांगरलेल्या असतात, काहींत माणसे संसार थाटून राहतात. कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालत निघाले तर रीजंट्स पार्कपर्यंत, तेथून पुढे कॅम्डेनपर्यंत पायवाट जाते. हा अर्ध्या दिवसाचा रमतगमत करण्याचा रस्ता आहे.

हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे घर श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या 'इंडिया हाउस'चे. १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी आलेले विनायक दामोदर सावरकर येथे राहिले, १८५७ वरील त्यांच्या ग्रंथाचे लेखन याच काळातले. १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. येथेही पाटी आहे. मात्र घर खासगी आहे. दार वाजवू नये, समोरच्या फुटपाथवरून पाहावे. याच टेकडीवरील दफनभूमीत कार्ल मार्क्सची समाधी आहे. तेथे प्रवेशाला तिकीट आहे.

येथे एक घोटाळा टाळावा. ऑल्डविच येथे भारतीय उच्चायुक्तालयाची जी इमारत आहे, तिचेही नाव 'इंडिया हाउस'च. ती १९३० मधील, आणि हायगेटच्या घराशी तिचा काही संबंध नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसे नुसते 'इंडिया हाउस' सांगून टॅक्सीत बसलेला पाहुणा भलतीकडेच उतरायचा.

किंग हेन्रीज रोडवरचे घर

मराठवाड्यातून जाणाऱ्या माणसाने लंडनमध्ये एकच घर पाहायचे ठरविले, तर ते १०, किंग हेन्रीज रोड असावे. चॉक फार्म या ट्यूब स्थानकातून बाहेर पडल्यावर पाच-सात मिनिटे चालले, की हे घर येते. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले व त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. निवासी वस्तीत संग्रहालय कसे चालविता, म्हणून स्थानिक नगरपालिकेने परवानगी नाकारली. अखेर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनेच परवानगी देऊन तो वाद मिटविला. जाण्यापूर्वी उघडण्याचे वार व वेळ पाहून घ्यावी.

या घराचे महत्त्व समजायचे तर थोडे मागे जावे लागते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांनी नावे नोंदविली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. ही सारी मजल अर्धपोटी राहून, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसदिवस बसून मारलेली होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

त्यांचे लंडन पायी पाहता येते. ऑल्डविचला उतरावे. उच्चायुक्तालयापासून दोन-तीन मिनिटांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. तेथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. किंग्जवे या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की हॉबर्न लागते. उजवीकडे ग्रेज इन. वकिलांच्या या जुन्या संस्थेची बाग कामकाजाच्या दिवशी दुपारच्या वेळी लोकांसाठी खुली असते, डबा घेऊन हिरवळीवर बसलेले कारकून तेथे दिसतात. डावीकडे वळले की ब्रिटिश म्युझियम. हे सगळे अंतर गेवराईच्या बसस्थानकापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याइतके. एवढ्या टापूत एका माणसाने काय उभे केले, हे प्रत्यक्ष चालल्यावर जसे समजते तसे वाचून समजत नाही. सहलीच्या बसला या रस्त्यावर थांबायला वेळ नसतो.

किंग हेन्रीज रोडहून परतताना प्रिमरोझ हिल या टेकडीवर जावे. चढ किरकोळ आहे. माथ्यावरून सारे लंडन समोर पसरलेले दिसते आणि बाकावर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवीत नाही.

फुकटातले वैभव

लंडन महाग आहे, यात शंका नाही. राहण्याचा खर्च सर्वांत मोठा. तो कमी करायचा तर मध्यवस्ती सोडून दुसऱ्या-तिसऱ्या झोनमध्ये ट्यूबजवळ खोली घ्यावी. मात्र शहरातील सर्वोत्तम गोष्टींना पैसे पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, विज्ञान व निसर्गेतिहासाची संग्रहालये, या सर्वांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य आहे. याचा खरा लाभ एकट्या प्रवाशाला होतो. तिकीट नसल्याने 'पैसे वसूल' करण्याची घाई नाही. आज एक दालन पाहावे, पाय दुखले की बाहेर पडावे, उद्या पुन्हा यावे. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, तेव्हा गर्दीही ओसरलेली असते.

तेथे 'अमरावती'ची शिल्पे पाहून आपल्या विदर्भाचा अभिमान बाळगण्याची चूक करू नये. ती अमरावती आंध्रातील, कृष्णाकाठची. तिच्या बौद्ध स्तूपाचे संगमरवरासारखे दिसणारे शिल्पपट तेथे आहेत आणि ते शांतपणे पाहायला एक सकाळही पुरत नाही.

वाघनखांविषयी मात्र आधीच सांगितलेले बरे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली व प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. साताऱ्यात अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती इंग्लंडला गेली, अशी त्यांच्या पेटीवर नोंद आहे. अफजलखानाच्या भेटीतील वाघनखे हीच, याची खातरी देता येत नसल्याचे खुद्द त्या संग्रहालयाने नमूद केलेले आहे. करार चालू असेतो त्यांच्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. टिपू सुलतानाचा इंग्रज शिपायाला फाडणारा लाकडी वाघ मात्र तेथेच आहे.

एकटेपणाची भीती

'एकट्याने जायचे म्हणजे कंटाळा येणार' आणि 'एकट्या बाईने जायचे कसे' हे दोन आक्षेप नेहमीचे. दुसऱ्याचे उत्तर मराठी साहित्यातच आहे. 'माझं लंडन' लिहिणाऱ्या डॉ. मीना प्रभू यांनी पुढे जगातील अनेक देश एकटीने पालथे घातले आणि त्यावर ग्रंथ लिहिले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. सहलीच्या चाकोरीबाहेर पडून, स्थानिकांशी बोलत, चुकत-माकत प्रवास करता येतो, हे त्यांनी मराठी वाचकांना दाखवून दिले. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० मधले. त्या लंडनचा पुष्कळसा भाग आता बदललेला आहे, तरी जाण्यापूर्वी ते वाचून जावे.

कंटाळ्याचे म्हणाल तर तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, हे खरे. त्या दिवशी काहीही पाहू नये. कपडे धुवावेत, बागेत बसावे. फारच घरची आठवण आली तर साउथॉल किंवा वेम्ब्ली गाठावे. भाजीच्या दुकानात मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची दिसली की अर्धे दुखणे बरे होते. डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळ, लंडन या १९३२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची वास्तू आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास गेलात तर तेथे मराठी कानावर पडेल.

सुरक्षिततेबाबत अंधविश्वास नको आणि बाऊही नको. रस्त्याच्या कडेला उभे राहून फोन हातात घेऊन नकाशा पाहू नये. दुचाकीवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार तेथे सर्रास घडतात. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी, प्रवास विमा घ्यावा. पोलीस किंवा रुग्णवाहिकेसाठी क्रमांक ९९९.

खाण्याचे पदार्थ नेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातून ब्रिटनमध्ये मांस तसेच दूध-दुभत्याचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा आईने बांधून दिलेला खवा, पेढे, तुपाची बरणी विमानतळावर टाकून द्यावी लागेल. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, धपाट्याचे पीठ यांना अडचण नसते. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नयेत.

हवामानाविषयी मराठवाड्यातील माणसाला एक आश्चर्य वाटेल. लंडन म्हणजे सदा पाऊस, असा लौकिक. प्रत्यक्षात तेथे वर्षाकाठी सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी याहून फार निराळी नाही. फरक इतकाच, की आपला पाऊस चार महिन्यांत, तोही दोन खंडांच्या मध्ये कोसळतो आणि बाकी वर्ष टँकरची वाट पाहायची असते. तेथे तोच पाऊस बारा महिन्यांत वाटून, भुरभुर, मापून दिल्यासारखा येतो. गवत मे महिन्यातही हिरवे असते ते त्यामुळे. छत्री सोबत असावीच.

जाण्यासाठी मे-जून उत्तम. जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचा उजेड मिळतो. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते. उन्हाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असते, हिवाळ्यात साडेपाच तास. जेवणखाण आटोपून निवांत रात्री आठला तेथून घरी फोन लावाल, तर चकलांब्यात मध्यरात्र उलटून गेलेली असेल आणि घरचे दचकून उठतील. फोन दुपारी करावा.